आठ वायसर

उन्हाळा तापला की दोन गोष्टी तळाला जातात, विहिरीचं पाणी आणि विजेचा दाब. दोन्ही तळाला गेल्या की शेतातल्या मोटरी जळतात, आणि मोटरी जळल्या की वाइंडिंगवाल्याच्या दारात लग्नघरासारखी गर्दी होते. फक्त तोंडं लग्नघरासारखी नसतात. त्या वर्षी पाऊसच तुटका झालेला, म्हणून गर्दी महिनाभर आधी सुरू झाली.

दुकान म्हणजे रस्त्याकडेची पत्र्याची खोली. पुढे ओटा, मागे घर. ओट्यावर जळक्या मोटरी पोट फाडून मांडलेल्या असत. जळलेल्या वार्निशचा वास भिंतींत, कपड्यांत, उशीच्या कापसात मुरलेला. घरात माणसं तीन. वाइंडिंगवाला पन्नाशीच्या पुढचा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली आणि उजव्या अंगठ्याचा सांधा धरलेला. त्याची बायको मोटरीच्या खाचांत बसवायचे कागद कापायची. तीस वर्षं कापून तिला पट्टी लागत नव्हती. आणि मुलगी, बावीस वर्षांची, अंगाने एवढीशी आणि सदा काहीतरी उचलून चाललेली, म्हणून मुंगी. शाळेच्या दाखल्यावर दुसरं नाव होतं, पण ते दाखल्यावरच राहिलं.

तांब्याची तार लाकडी साच्यावर गुंडाळायची, तिची कॉइल करायची, कॉइल मोटरीच्या खाचांत बसवायची, हा धंदा. सगळी मेख वेढे मोजण्यात. आणि ओट्यावर बसलेलं गिऱ्हाईक तर तोंड बंद ठेवत नाही. तेहतीस झाले की कुणीतरी विचारतं, "मग, यंदा पाऊस कसा?" गेले तेहतीस. म्हणून वाइंडिंगवाल्याने तरुणपणीच एक युक्ती काढली होती. साच्याशेजारी एक आडवी सळई, तिच्यात नटाखाली घालतात तसे आठ चपटे वायसर ओवलेले. सात वेढे झाले की एक वायसर डावीकडून उजवीकडे. आठही सरकले की कॉइल झाली, दोरा बांधायचा. मग पाऊस कसा, पोरीचं लग्न कधी, काय हवं ते विचारा.

सात आठे छप्पन. कंपनीतून आलेली नवी मोटर पहिल्यांदा उघडली, तर तिच्या कॉइलीत वेढे निघायचे साठ. पण साठ वेढ्यांच्या मोटरीला पाटीवर लिहिलेला चारशे पंधरा व्होल्टचा दाब लागतो, आणि गावात पावणेचारशे आला तरी नशीब. कमी दाबावर ती मोटर नुसती घुरघुरते आणि जळते. चार वेढे कमी केले, तार एक नंबर जाड घेतली, की बिचारी पाणी ओढते. हे त्याला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. पन्नास-साठ मोटरी जळल्या तेव्हा कळलं. कंपनीची मोटर त्याच्या हाताखालून गेली की 'गावची' व्हायची, असं लोक म्हणायचे.

मुंगी आठ वर्षांची असताना तिने पाटीवरची माती पुसून आकडे वाचले होते.

"बाबा, हा एवढा दाब कुठे येतो?"

"जिथे ही पाटी बनते तिथे."

"ते कुठे आहे?"

"लांब. समुद्रापलीकडे."

"तिथे मोटरी जळत नाहीत?"

"तिथे कशाला जळतील? तिथे पाटीवर लिहिलंय तसंच सगळं होतं."

बाप हे सहज बोलून गेला आणि विसरला. मुलगी विसरली नाही. पाटीवर लिहिलंय तसंच सगळं होतं अशी एक जागा जगात आहे, आणि आपण तिथे एकदा जायचं, हे तिच्या मनात जे रुतलं ते रुतलंच. दहावीनंतर ती दुकानात बसली, बापापेक्षा भरभर कॉइली काढू लागली, तालुक्याच्या प्रशिक्षण केंद्रात दोन वर्षं जाऊन कागदही आणला. पण प्रत्येक कॉइलीचा दोरा बांधताना तिला वाटायचं, हिचे चार वेढे राहिले.

बापलेक समोरासमोर दोन साच्यांवर बसत. वायसर सळईवर सरकला की टिक असा बारीक आवाज व्हायचा. मुंगीला बापाचे टिक न बघताही ऐकू यायचे. बापाचं लक्ष हल्ली भरकटायचं, तो थांबून विचारायचा, "किती झाले माझे?" आणि ती मान वर न करता सांगायची, "पाच वायसर आणि वर तीन." ते कधी चुकलं नाही.

केंद्रातल्या सरांचा फोन आला तेव्हा दारात नऊ मोटरी होत्या. समुद्रापलीकडच्या एका मोटरीच्या कारखान्याला दोन वर्षांसाठी कॉइल भरणारी मुलं-मुली हवी होती. गुरुवारी परीक्षा, जागा तीन, वय चोवीसच्या आत. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी.

"आणि त्याच दिवशी केंद्रात मोठी सभाही आहे," सर म्हणाले. "तरुणांचा रोजगार आणि जगातला कामाचा बाजार. बाहेरचे तज्ज्ञ येणार आहेत. चांगले कपडे घालून ये."

ओट्यावर तातडी बसला होता. तीन एकराचा मालक, पण कायम घाईत, म्हणून गावाने ठेवलेलं नाव. त्याची मोटर रांगेत सातवी होती.

"परीक्षा? हिची?" तो म्हणाला. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? त्या तज्ज्ञांना म्हणावं, इथे येऊन बसा चार दिवस. उंटावरून शेळ्या कशाला हाकता."

"तू गप रे," वाइंडिंगवाला म्हणाला.

"मी गप. पण माझी मोटर?"

 वाइंडिंगवाल्याने नऊ मोटरींकडे पाहिलं, मग स्वतःच्या अंगठ्याकडे. पोरगी गेली तर हे सगळं एकट्याच्या अंगावर, हे त्याला कळत होतं. नको जाऊ म्हणावं असं आतून फार वाटत होतं. बायकोने कात्री थांबवून त्याच्याकडे पाहिलं.

"जा," तो म्हणाला. "एक दिवसाने काय होतंय."

"आणि जमलं तर दोन वर्षं," बायको म्हणाली.

"ते जमल्यावर बघू."

गुरुवारी सकाळी मुंगी निघाली तेव्हा तो सळईवरून आठही वायसर काढून फडक्यात बांधून उभा होता. वापरून वापरून त्यांच्या कडा गुळगुळीत झालेल्या.

"हे घे. तिथे साचा वेगळा असेल, माणसं बोलतील, गडबड होईल. हे असले की हात चुकत नाही."

"तुम्ही कशावर मोजणार?"

"आज चिंचोके घेतो. तू जा, गाडी येईल."

केंद्राच्या आवारात मांडव घातला होता. खुर्च्यांना पांढरे अभ्रे, टेबलावर पाण्याच्या सारख्या उंचीच्या बाटल्या. परीक्षा मागच्या शेडमध्ये होती, पण कर्णा शेडच्याच खांबाला बांधलेला, त्यामुळे परीक्षा देणाऱ्या एकोणीस जणांना सभा फुकटात ऐकू येत होती. एक भारदस्त आवाज सांगत होता, तरुणांना काम नाही आणि कामाला तरुण नाहीत, ही आजच्या जगाची गंमत आहे. शेडमधली मुलं एकमेकांकडे बघून हसली.

परीक्षा घ्यायला कारखान्याचा एक उंच, उन्हाने लाल झालेला माणूस आला होता. त्याचं बोलणं केंद्रातले सर समजावून सांगत. चार कॉइली, अर्धा तास. प्रत्येकाला एक कागद. मुंगीने आकडा दोनदा वाचला. साठ.  आज पहिल्यांदा ती पुरी कॉइल भरणार होती.

तिने फडकं सोडलं, टेबलाच्या कडेला तार ताणून वायसर ओवले. आठ वायसर आणि वर चार, तिने मनाशी घोकलं. आठ आणि वर चार.

मग हात सुरू झाला. सात, टिक. सात, टिक. इतकी चांगली तार तिने कधी हातात धरली नव्हती, कुठे गाठ नाही, कुठे ओरखडा नाही. शेजारचा मुलगा बोटांवर मोजत होता, पलीकडचा टेबलावर खडूने रेघा ओढत होता. तिला त्यांची दया आली.

तिचा तिसरा वायसर सरकत होता तेव्हा सभेतले पाहुणे शेड बघायला आले. गळ्यात बिल्ले, हातात वह्या. त्यांतल्या एक पिकल्या केसांच्या बाई मुंगीजवळ थांबल्या.

"हे काय आहे?"

"वायसर. मोजायला."

"कुणी शिकवलं?"

"बाबांनी." बोलताना हात थांबला नाही. तिला त्याचा अभिमान वाटला, आणि बाईंनी तो बघावा असंही वाटलं. "तुम्ही बोला. आमच्या दुकानात सगळे बोलतातच. माझं चुकत नाही."

बाई बोलल्या. घरी कोण कोण, शिक्षण किती, रोज किती मोटरी. मुंगी उत्तरं देत राहिली आणि आठवा वायसर सरकला तसा तिचा डावा हात आपोआप दोऱ्याकडे गेला, दोरा आवळला, गाठ मारली. दुसरी कॉइल. तिसरी. चौथी. अर्ध्या तासाचं काम तिने वीस मिनिटांत संपवलं. बाईंनी वहीत काहीतरी लिहून तिच्या पाठीवर थाप मारली. एकोणीस जणांत पहिला हात तिचा वर झाला.

लाल माणसाने मीटर लावला, आकडा बघितला, परत लावला. मग कात्रीने एका कॉइलीचा दोरा कापला आणि वेढे एकेक मोजले. दुसरी कापली. चारही कापल्या. सरांना काहीतरी म्हणाला.

"मुंगे," सर हळू आवाजात म्हणाले, "छप्पन आहेत गं."

तिला आधी कळलंच नाही. मग ती वायसरांकडे बघत राहिली. आठही उजवीकडे, नीट, एका ओळीत.

"चारही कॉइलींत छप्पन," सर म्हणाले. "हा म्हणतोय, त्याने असं कधी पाहिलं नाही. चूक असती तर एकीत एकोणसाठ, एकीत बासष्ट निघाले असते. हात फार पक्का आहे म्हणतोय."

"मग?"

"कागदावर साठ आहेत."

तिने सगळं सांगितलं. गावातला दाब, जळणाऱ्या मोटरी, चार वेढे. सरांनी समजावलं, पाठीमागे त्या बाई वहीत लिहून घेत होत्या. लाल माणसाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, दोनदा मान हलवली, आणि तिच्या नावापुढे फुली मारली. ती मारताना त्यालाही वाईट वाटत होतं, हे तिला दिसलं. त्याचा काही उपयोग नव्हता.

आवारातल्या नळावर ती तोंड धूत होती तेव्हा कर्ण्यातून बाईंचा आवाज आला. "आज इथे मी एक मुलगी पाहिली. कमी दाबाची वीज ओळखून तिचं घर वेढे कमी करतं. हे पुस्तकात नाही. हे हातातलं शहाणपण आहे, आणि आपल्या मोजपट्ट्यांमध्ये ते बसत नाही. आपण मोजपट्ट्या तपासल्या पाहिजेत." टाळ्या वाजल्या. बराच वेळ वाजल्या.

सभा सुटल्यावर मुंगी गाडीपाशी जाऊन उभी राहिली. बाईंनी ओळखलं, हसल्या.

"बाई, ते तुम्ही माझंच बोललात ना?"

"हो. फार शिकायला मिळालं तुझ्याकडून."

"मग मला पास करायला सांगा की."

बाईंचं हसू गेलं. त्या खोटं बोलल्या नाहीत, एवढं त्यांच्या बाजूने म्हणायला हवं. "ते माझ्या हातात नाही गं," त्या म्हणाल्या. "मी फक्त लिहिते. वर पाठवते. बदलायला वर्षं लागतात."

"दोन वर्षांनी मी वयात बसणार नाही."

 गाडीचं दार कुणीतरी उघडून धरलं होतं, त्या बसल्या.

घरी पोहोचली तेव्हा ऊन उतरत होतं. वाइंडिंगवाला चिंचोक्यांवर मोजत होता, दिवसभरात एक मोटर कशीबशी झालेली. तिने ओट्यावर बसून सांगितलं. रडली नाही, आईने आणलेलं पाणी मात्र सगळं प्याली.

खोटं कशाला बोला, ऐकताना वाइंडिंगवाल्याला एक क्षण बरं वाटलं. पोरगी राहिली. उद्या समोरचा साचा फिरेल. त्या क्षणाची त्याला लगेच इतकी लाज वाटली की तो उठून मागे गेला आणि उगाच बादलीत हात धूत बसला.

"जित्याची खोड," तातडी म्हणाला. तो अर्थातच बसलेला होता. "हाताला जे लागलं ते लागलं. त्यात पोरीचा काय दोष? झालं ते बरंच झालं म्हणा. माझी मोटर उद्या ना?"

"तुम्ही घरी जा," वाइंडिंगवाल्याची बायको म्हणाली. एवढ्या थंडपणे ती कधी गिऱ्हाइकाशी बोलली नव्हती. तातडी पहिल्यांदाच घाईने उठला.

रात्रभर वाइंडिंगवाल्याच्या डोक्यात एकच. वायसर मीच दिले. हात चुकणार नाही म्हणून दिले, आणि हात चुकला नाही.

सकाळी मुंगीने सवयीने तातडीची मोटर पुढे ओढली. वाइंडिंगवाल्याने ती तिच्या हातातून काढून घेतली आणि कोपऱ्यातून एक जुनी, भंगारात काढलेली मोटर तिच्यापुढे ठेवली.

"ही भर. साठने."

"ही कुणाची?"

"कुणाची नाही. भर, मोज, उलगड, परत भर. गावच्या मोटरीला आजपासून हात लावायचा नाही."

"बाबा, दारात दहा मोटरी आहेत."

"दिसतात मला. डोळे गेलेत, पण एवढे नाही." त्याने वायसरांची सळई स्वतःकडे ओढली. "तुझ्यापुढे वायसर नको, काही नको. तोंडाने मोज. सहा महिने आहेत. तुझ्या हाताने माझा हात विसरायला पाहिजे."

 आईने कात्री हातात घेतली आणि कागद कापायला लागली, वाकडा कापला.

सोपं नव्हतं ते. पहिल्या आठवड्यात मुंगी मोठ्याने मोजायची, "चोपन्न, पंचावन्न, छप्पन," आणि हात थांबायचा, दोऱ्याकडे वळायचा. ती स्वतःवर चिडायची. परत सुरू. उलगडलेल्या तारेने बोटांना चिरा पडल्या. समोर बाप एकट्याने गावच्या मोटरी भरत होता, अंगठा दुखला की दुसऱ्या हाताने चोळत. गिऱ्हाइकं बोलू लागली. तिकडे पिकं वाळताहेत आणि इकडे पोरगी भंगार गुंडाळतेय, पालथ्या घड्यावर पाणी. काही मोटरी उचलून तालुक्याला गेल्या. वाइंडिंगवाल्याने कुणाला थांबवलं नाही.

"सत्तावन्न," मुंगी म्हणायची, दम लागल्यासारखी. "अठ्ठावन्न. एकोणसाठ. साठ." त्या साच्यावर हे चार आकडे आजवर कुणी मोजले नव्हते.

मग ती मनात मोजू लागली. मग मोजता मोजता आईशी बोलू लागली, मुद्दाम, दुकानातल्यासारखं. आभाळ भरून यायचं आणि न पडता जायचं. मग उशिरा का होईना पाऊस पडला, हळूहळू विहिरींना पाझर फुटला, दारातली रांग तीन मोटरींवर आली.

एक दिवस दुपारी मुंगी आईला विचारत होती, तिकडे थंडी असते म्हणतात, किती असेल. आई म्हणाली, दोन गोधड्यांची तरी असेल. मुंगी म्हणाली, गोधडी विमानात नेऊ देतात का. दोघी हसल्या. साचा फिरत होता. तिचा हात छप्पनावरून पुढे गेला, कुठे अडखळला नाही, पुढचे चार घातले आणि मग दोऱ्याकडे वळला. तिच्या ध्यानातही आलं नाही.

वाइंडिंगवाल्याच्या आलं. त्याचा स्वतःचा हात अर्ध्या वेढ्यात थांबला होता. सळईवर काही वायसर इकडे, काही तिकडे, आणि डोळ्यांपुढे सगळे एक झालेले.

"किती झाले माझे?" त्याने विचारलं.

मुंगीने मान वर केली. ती क्षणभर त्याच्याकडे आणि सळईकडे बघत राहिली.

"मला नाही कळलं, बाबा," ती म्हणाली. "माझं लक्ष नव्हतं."

"बरं झालं," तो म्हणाला.

त्याने तार सगळी उलगडली, आठही वायसर डावीकडे सरकवले, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.